गुणवत्तेला जामीन कोण?

परदेशी शिष्यवृत्तीचा विषय निघाला की आपल्या सुशिक्षित वर्तुळात एक युक्तिवाद ठरलेला असतो. मुलात गुण असतील तर त्याला कोणी अडवत नाही. लंडनच्या विद्यापीठाला जात दिसत नाही, व्हिसा अधिकाऱ्याला गाव माहीत नसतं. अर्ज, परीक्षा, मुलाखत, नियम सगळ्यांना सारखेच. मग वंचित घरातल्या मुलांचे अर्ज तपासून देणं, मुलाखतीची तयारी करून घेणं, कागदपत्रांसाठी धावाधाव करणं आणि वर सरकारी पैशानं पाठवणं, हे कशासाठी? याच्या जोडीला आणखी दोन आक्षेप येतात. गेलेली मुलं परत येत नाहीत, हा एक. आणि एकाच्या खर्चात इथे पन्नास मुलं शिकली असती, हा दुसरा.

हा पूर्वपक्ष मांडणाऱ्या सगळ्यांचे हेतू वाईट नाहीत. त्यांतल्या काहींनी स्वतः हालअपेष्टा सोसून शिक्षण घेतलं आहे, आणि आपल्याला जमलं ते इतरांनाही जमेल असं त्यांना प्रामाणिकपणे वाटतं. पण या युक्तिवादाचा पायाच खोटा आहे. परदेशी शिकायला जाण्याची परवानगी नुसत्या गुणांवर कधीच मिळत नव्हती आणि आजही मिळत नाही. गुण लागतातच, त्यावर वाद नाही. पण शेवटी शिक्का पडतो तो या मुलाच्या मागे कोण उभं आहे, हे पाहून.

आधी इतिहास पाहू, कारण गुणवत्तेचे दाखले देताना सगळे तिथेच जातात.

आनंदीबाई जोशी १८८३ साली कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि १८८६ साली फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. त्यांची बुद्धी आणि धैर्य असामान्य होतं. तरी त्यांच्या मदतीसाठी गोपाळरावांनी लिहिलेलं पत्र अमेरिकेतल्या एका मिशनरी मासिकात छापून आलं नसतं, ते न्यू जर्सीच्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंच्या वाचनात आलं नसतं आणि त्यांनी या अनोळखी मुलीला आपलं घर देऊ केलं नसतं, तर ती बुद्धी कोणत्या दारावर जाऊन उभी राहिली असती? रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे दापोली तालुक्यातल्या मुर्डी गावचे. ते केंब्रिजला गेले ते सरकारी शिष्यवृत्तीवर, आणि १८९९ साली सीनियर रँग्लर झाले. १९०६ साली सावरकर लंडनला गेले ते श्यामजी कृष्णवर्मांच्या शिष्यवृत्तीवर, आणि त्यासाठी टिळकांची शिफारस होती. जमशेटजी टाटांनी १८९२ साली परदेशी शिक्षणासाठी निधी उभारला, त्यातून पिढ्यान् पिढ्या हुशार तरुण बाहेर गेले. यांपैकी कोणाच्याही बाबतीत 'मदत मिळाली, म्हणजे गुण कमी असणार' असं आपण म्हणत नाही. म्हणूही नये.

आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांच्या विद्वत्तेचा दाखला हमखास दिला जातो, 'त्यांना कुठे कोणी बोट धरून नेलं होतं?' असं विचारलं जातं. हे अर्धवट वाचन आहे. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा मुलगा कृष्णाजी अर्जुन केळुसकरांच्या नजरेस पडला. केळुसकर गुरुजींनी त्याला पुस्तकं दिली आणि पुढे सयाजीराव गायकवाडांपर्यंत पोचवलं. महाराजांनी महाविद्यालयीन शिक्षणासाठी दरमहा २५ रुपये दिले. १९१३ साली कोलंबियासाठी दरमहा साडेअकरा पौंड मंजूर केले, तीन वर्षांसाठी. त्या वेळी आजच्यासारखी व्हिसाची खिडकी नव्हती, पण परवानगी मात्र लागतच होती, आणि ती बडोदा दरबारानं करारावर सही घेऊन दिली. पुढे १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं, तेव्हा चार वर्षांच्या आत येऊन तो पुरा करण्याची मुभा लंडन विद्यापीठाकडून मिळाली ती प्रा. एडविन कॅनन यांच्या शब्दामुळे. १९२० साली पुन्हा जाताना स्वतःची शिल्लक होती, शाहू महाराजांनी दिलेली मदत होती आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेलं कर्ज होतं. कोलंबियाच्या सेलिग्मन यांनी लंडनच्या फॉक्सवेल यांना त्यांच्याविषयी लिहिलं होतं. म्हणजे एक शिक्षक, दोन राजे, एक मित्र आणि तीन प्राध्यापक. एवढी माणसं मागे उभी राहिली तेव्हा विसाव्या शतकातल्या एका अलौकिक बुद्धीला परदेशी विद्यापीठात आपलं काम पुरं करता आलं. यातून बाबासाहेबांचं मोठेपण तसूभरही कमी होत नाही. पण अशी बुद्धी एकटीच्या बळावर दार उघडते, हा सिद्धान्त मात्र यात टिकत नाही.

आता आजची परवानगी कशी मिळते ते पाहू. भारतीय नागरिकाचा देशाबाहेर जाण्याचा हक्क कायद्यानं पक्का आहे. १९६७ साली सतवंतसिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तो व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला, त्याच वर्षी पासपोर्ट कायदा आला, आणि १९७८ च्या मनेका गांधी निकालानं त्यावर आणखी भक्कम शिक्कामोर्तब केलं. पण हा झाला जाण्याचा हक्क. दुसऱ्या देशात प्रवेश मिळण्याचा हक्क कोणालाच नसतो. तिथे त्या देशाची खात्री पटवावी लागते, आणि ही खात्री कशानं पटते हे नियम वाचले की स्पष्ट दिसतं.

ब्रिटनचं उदाहरण घ्या. २०२५ च्या जानेवारीपासून लंडनमध्ये राहण्याचा खर्च म्हणून दरमहा १,४८३ पौंड धरले गेले, नऊ महिन्यांसाठी. म्हणजे १३,३४७ पौंड, आपले चौदा लाखांहून अधिक. शिवाय पहिल्या वर्षाची उरलेली फी. ही रक्कम खात्यात सलग २८ दिवस असल्याचं दाखवावं लागतं. शेतमजुराच्या किंवा ऊसतोड करणाऱ्या कुटुंबाच्या हातात पैसा येतो तो मुकादमाच्या उचलीतून, म्हणजे कर्ज म्हणून, आणि येतो तोच किराणा, दवाखाना आणि मागचं देणं यांत जातो. त्या घरातली मुलगी अभ्यासात कितीही पुढे असली तरी २८ दिवसांचा हा नियम तिचे गुण तपासत नाही. तो तिच्या घरातली शिल्लक तपासतो. कॅनडानं २०२४ च्या सुरुवातीला अशीच रक्कम १०,००० डॉलरवरून २०,६३५ डॉलरवर नेली. 'नियम सगळ्यांना सारखे' हे वाक्य अशा वेळी खरं असतं, पण त्यातून न्याय होतोच असं नाही.

अमेरिकेचा प्रश्न आणखी सूक्ष्म आहे. तिथल्या कायद्याच्या २१४ (ब) कलमानुसार विद्यार्थी व्हिसासाठी आलेला प्रत्येक जण कायमचा राहायलाच निघाला आहे, असं आधी धरलं जातं. तसं नाही हे अर्जदारानं त्या खिडकीपाशी काही मिनिटांत पटवून द्यायचं. मायदेशाशी घट्ट संबंध आहेत हे कशानं दाखवायचं? घर, जमीन, व्यवसाय, वडिलांची नोकरी. खुद्द अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या मार्गदर्शिकेत हे मान्य केलेलं आहे की विद्यार्थी तरुण असतो, त्याच्याकडे नोकरी आणि मालमत्ता नसते, त्यामुळे त्याला इतरांची फूटपट्टी लावू नये. म्हणजे ही उणीव नियम राबवणाऱ्यांनाही जाणवली होती. तरीही त्या खिडकीपाशी आत्मविश्वासानं, इंग्रजीत, मुद्द्याला धरून दोन वाक्यांत उत्तर देणारा मुलगा आणि पहिल्यांदाच मुंबईत आलेला, रात्रभर एसटीत बसून वांद्रे-कुर्ला संकुलात पोचलेला मुलगा यांच्यात जो फरक दिसतो, तो बुद्धीचा नसतो. सरावाचा असतो.

अशा मुलांचे अर्ज वाचून देण्याचं काम मी करतो, म्हणून एक प्रसंग सांगतो. ऊसतोड करणाऱ्या घरातली एक मुलगी व्हिसाचा अर्ज भरत होती. विद्यापीठ नामवंत, प्रवेश पक्का. अर्जात आईची जन्मतारीख विचारली होती. तिनं आईला फोन लावला. आई कारखान्याच्या फडावर होती. ती म्हणाली, "बहात्तरच्या दुष्काळात मी रांगत होते, असं तुझी आजी सांगायची." आधार कार्डावर १ जानेवारी होती, कोणीतरी घातलेली. वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर १ जून, गुरुजींनी घातलेली. दहावीच्या गुणपत्रिकेवर मुलीचं आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, आणि वडिलांच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग तीन कागदांवर तीन तऱ्हांचं. यातली प्रत्येक गोष्ट प्रतिज्ञापत्र करून, राजपत्रात छापून, खुलाशाचं पत्र जोडून सुटते. पण सुटते हे माहीत असावं लागतं. ज्या घरात काका बॉस्टनला आणि मावसबहीण मँचेस्टरला असते तिथे हे एका फोनवर कळतं. या मुलीच्या घरात पासपोर्ट काढणारी ती पहिलीच होती.

शिफारसपत्रांचं तसंच. परदेशी विद्यापीठाला हवं असतं ते प्राध्यापकानं आपल्या विद्यार्थ्याविषयी मनापासून, बारकाईनं लिहिलेलं पत्र: त्यानं कोणता प्रकल्प केला, कुठे अडला, कसा बाहेर पडला. तालुक्याच्या महाविद्यालयात सर आपुलकीनं देतात तो चारित्र्याचा दाखला: सदर विद्यार्थी अमुक ते अमुक वर्षी आमच्याकडे शिकत होता, त्याची वर्तणूक चांगली होती. सरांचं प्रेम खरं असतं. पण त्यांनी असं पत्र कधी पाहिलेलं नसतं, त्यांच्यासाठीही ते कोणी लिहिलेलं नव्हतं. निवड समिती मात्र तो कागद वाचते आणि मुलगा सामान्य आहे असं समजते.

म्हणून अर्जासाठी मार्गदर्शन करणं म्हणजे गुणांची नक्कल करणं, हा आरोप मला मान्य नाही. सधन घरं हेच मार्गदर्शन सल्लागार कंपन्यांना पैसे मोजून विकत घेतात, आणि त्या मुलांच्या गुणवत्तेवर कोणी शंका घेत नाही. ज्याच्याकडे पैसे नाहीत तो फुकट सल्ला देणाऱ्या एजंटाकडे जातो. अशा एजंटांना बऱ्याचदा विद्यापीठांकडून कमिशन मिळतं, म्हणून मुलाला पाठवलं जातं ते कमिशन देणाऱ्या विद्यापीठात. आपल्या शिष्यवृत्त्यांना जागतिक क्रमवारीची अट असते. चुकीच्या विद्यापीठात प्रवेश घेतला की शिष्यवृत्ती जाते. मग लोक म्हणतात, योजना आहे पण घेणारे नाहीत.

'पैसा कमी पडला तर कर्ज आहे' हे उत्तरही तपासून पाहू. साडेसात लाखांपुढच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागतात. भूमिहीनानं काय तारण ठेवायचं? आणि सरकारी पैशाचीच गोष्ट काढायची तर आयकराच्या कलम ८० ई खाली शैक्षणिक कर्जाच्या पूर्ण व्याजावर आठ वर्षांपर्यंत वजावट मिळत आली आहे, परदेशी शिक्षणासाठी घेतलेल्या कर्जावरही. ही वजावट घेणाऱ्या मध्यमवर्गीय घरांना कोणी 'सरकारी खर्चानं मुलं परदेशी पाठवता' असं म्हणत नाही. मग तिजोरीतून दिलेली थेट शिष्यवृत्तीच डोळ्यांत का खुपते?

आता 'परत येत नाहीत' हा आक्षेप. परराष्ट्र खात्याच्या आकडेवारीनुसार २०२४ मध्ये तेरा लाखांहून अधिक भारतीय विद्यार्थी परदेशी शिकत होते. केंद्राच्या सामाजिक न्याय खात्याच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या जागा वर्षाला १२५. महाराष्ट्रात अनुसूचित जातींसाठी असलेल्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीच्या जागा ७५. आदिवासी, भटके-विमुक्त, इतर मागास आणि इतर प्रवर्गांच्या योजना धरूनही आकडा नगण्यच राहतो. बुद्धीचा ओघ देशाबाहेर वाहतो आहे अशी चिंता ज्यांना वाटते, त्यांनी तेरा लाखांकडे पाहावं. ती चिंता नेमकी या मूठभर मुलांविषयीच व्यक्त होते, हे मला खटकतं.

शिवाय परतून येण्याची गोष्ट काढायची तर १९१७ चं बडोदं आठवावं लागतं. दहा वर्षं संस्थानची नोकरी करण्याच्या करारानुसार बाबासाहेब परत आले, कामावर रुजू झाले. त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतून त्यांना बाहेर काढलं गेलं. करार मोडला तो त्यांनी नव्हे, त्या शहरानं. जे परत येत नाहीत त्यांना दोष देण्याआधी, जे परत येतात त्यांना आपण काय वागणूक देतो याचा हिशेब मांडायला हवा.

'एकाच्या खर्चात इथे पन्नास' हा आक्षेप वरकरणी सर्वांत माणुसकीचा वाटतो. पण ज्या राजांनी या परंपरेचा पाया घातला, त्यांच्या कारभारात हा पेच कुठेच दिसत नाही. सयाजीरावांनी १८९३ साली अमरेलीत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला, १९०६ साली तो संस्थानभर नेला, आणि १९१३ साली एका तरुणाला न्यूयॉर्कला पाठवलं. शाहू महाराजांनी कोल्हापुरात जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहं काढली आणि लंडनला निघालेल्या विद्यार्थ्यालाही हातभार लावला. दोन्ही कामं त्यांना एकाच धोरणाचा भाग वाटत होती. आज वसतिगृहांची दुरवस्था आहे ती ७५ मुलं परदेशी गेली म्हणून नाही. ती मुलं गेली नसती तरी त्या वसतिगृहांचे नळ आणि खिडक्या तशाच राहिल्या असत्या.

विरोधकांचा एक मुद्दा मात्र मी मान्य करतो. या योजनांचा लाभ प्रस्थापित घरांकडे वळू शकतो. २०१७ साली राज्याच्या यादीत मंत्र्यांच्या आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या मुलांची नावं आली तेव्हा संताप झाला, तो रास्त होता. तेव्हा पहिल्या शंभर विद्यापीठांत प्रवेश मिळालेल्यांना उत्पन्नाची मर्यादाच नव्हती. पुढे आठ लाखांची मर्यादा आली ती योग्यच. पण गळती बंद करायची म्हणून विहीरच बुजवायची नसते. २०२४ च्या जूनमध्ये राज्यानं दहावी, बारावी आणि पदवीला ७५ टक्क्यांची अट घातली, टीका झाल्यावर माघार घेतली. अशी अट ज्याला चांगली शाळा, शिकवणी आणि शांत खोली मिळाली त्याच्याच बाजूनं झुकते. जागतिक क्रमवारीतल्या विद्यापीठानं प्रवेश दिल्यानंतर त्या मुलाची दहावीची टक्केवारी पुन्हा मोजण्यात अर्थ नाही.

केंद्रानं २०२२ मध्ये याहून गंभीर बदल केला. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतीय समाजाचा अभ्यास या विषयांसाठी राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती मिळणार नाही, असं ठरवलं. कारण दिलं गेलं की हे विषय देशातच शिकता येतात. १९१६ साली कोलंबियात बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेच्या उगमावर निबंध वाचला. हा नियम तेव्हा असता तर? ज्यांच्यावर समाजानं अन्याय केला त्यांनीच त्या समाजाचा अभ्यास जगाच्या ग्रंथालयांत बसून करू नये, असा या नियमाचा परिणाम होतो. तो रद्द झाला पाहिजे. २०२५ च्या जुलैत तर १०६ निवडींपैकी केवळ ४० जणांना आधी पत्रं दिली गेली, बाकीच्यांना निधी उपलब्ध झाल्यास असं कळवलं गेलं. सप्टेंबरला वर्ग सुरू होणाऱ्या विद्यार्थ्याला जुलैत अशी अनिश्चितता कळवणं म्हणजे त्याचं वर्ष पणाला लावणं. व्हिसाच्या नियमांत सरकारी प्रायोजकाचं पत्र बँकेतल्या शिल्लकीची जागा घेऊ शकतं. म्हणजे त्या २८ दिवसांच्या भिंतीला दार आहे, आणि त्याची किल्ली सरकारच्या हातात आहे. ती वेळेवर फिरवली गेली नाही तर मुलाचा दोष काय?

मागे उभं राहण्याचं काम काही ठिकाणी सुरूही झालं आहे. यवतमाळमधून राजू केंद्रे यांनी उभी केलेली 'एकलव्य' संस्था पहिल्या पिढीच्या पदवीधरांना हेच शिकवते: विद्यापीठ कसं निवडावं, हेतुपत्र कसं लिहावं, मुलाखतीत काय बोलावं. केंद्रे स्वतः चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनला शिकले. आधी गेलेला मागून येणाऱ्याला हात देतो, तेव्हा त्या मुलांच्या घरातही एक काका बॉस्टनला असल्यासारखं होतं.

पण सगळा भार संस्थांवर टाकून चालणार नाही. परदेश शिष्यवृत्तीच्या निवडयाद्या मार्चअखेर लागाव्यात आणि मंजुरीची पत्रं एप्रिलमध्ये हातात पडावीत. प्रत्येक जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात पासपोर्ट, जात वैधता, ट्रान्सक्रिप्ट आणि व्हिसाच्या कागदांची माहिती असलेला एक तरी माणूस बसवावा. विद्यापीठांनी आपल्या संलग्न महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांना शिफारसपत्र लिहायला शिकवावं, त्याला दोन दिवसांची कार्यशाळा पुरते. आणि परदेशी शिकून आलेल्या किंवा तिथेच स्थायिक झालेल्या मराठी वाचकांना माझी विनंती आहे: दर वर्षी आपल्या जिल्ह्यातल्या, आपल्या नात्यागोत्याबाहेरच्या एका मुलाचा किंवा मुलीचा अर्ज वाचून द्या, आणि व्हिसा हातात पडेपर्यंत त्यांचा फोन उचला.